नुसता कागद आला होता

2024 च्या मे महिन्यात मी सासूबाईंना घेऊन सांगलीला हजयात्रेकरूंच्या लसीकरण शिबिराला गेले होते. घरात आम्ही सगळेच त्यांना अम्मी म्हणतो. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे अधू, आणि सुईची भीती अशी की एकदा दाढ काढायला नेलं तर इंजेक्शन दिसताच खुर्चीवरून उठून थेट घरी आल्या होत्या. मिरजेहून सांगलीपर्यंत रिक्षात मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते, काय बोलून यांना राजी करायचं. काही बोलावंच लागलं नाही. नाव पुकारलं तशा उठल्या, बुरख्याची बाही वर केली, बिस्मिल्लाह म्हणाल्या आणि हात पुढे केला. मेंदूज्वराची लस झाली, फ्लूची झाली. शेवटी नर्सने त्यांना आ करायला सांगून तोंडात पोलिओचे दोन थेंब टाकले, तेव्हा बाकावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. अम्मीही हसल्या. म्हणाल्या, "आता पाळण्यातच घाला मला."

हजला जाणाऱ्यांना मेंदूज्वराची लस का लागते, हे त्या शिबिरातल्या डॉक्टर मॅडमनी छान समजावून सांगितलं. 1987 च्या हजमध्ये या रोगाची साथ आली होती. लाखो माणसं एका जागी, एका तंबूत दाटीने झोपलेली. घशातला जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि हाजी आपापल्या देशात परतताना तो सोबत नेतात. त्यानंतर सौदी सरकारने लस सक्तीची केली. 2000 आणि 2001 मध्ये त्याच रोगाच्या वेगळ्या प्रकारच्या जंतूने पुन्हा साथ आली, तेव्हा चार प्रकारांपासून वाचवणारी लस बंधनकारक झाली. सौदीत पोचण्याच्या किमान दहा दिवस आधी ती घ्यावी लागते. दाखला नाही तर प्रवास नाही. त्यामुळे आपल्या समाजात एक असा गट आहे, ज्यात लस न घेतलेलं माणूस शोधूनही सापडत नाही. तो म्हणजे आपले हाजी. गंमत अशी की त्यातले बहुतेक म्हातारे, कमी शिकलेले, आणि घरात नातवंडांच्या लसीला "नको" म्हणणारेही तेच असतात.

आमच्या घरात तेच झालं होतं. म्हणून परतताना रिक्षात मी अम्मींना विचारलं, "आज हात कसा पुढे केलात? 2018 साली तर घर डोक्यावर घेतलं होतं."

2018 ची ती गोष्ट मी आजवर फार जणांना सांगितलेली नाही.

मी मिरजेत प्राथमिक शाळेत शिकवते. 27 नोव्हेंबर 2018 पासून महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला, आधी लस झालेली असो वा नसो, एक डोस. सुरुवात शाळांमधून. आमच्या शाळेने पालकांना पत्रक पाठवलं, खाली सहीची जागा. वर्गातली पत्रकं गोळा करणं माझं काम. त्याच दिवसांत मोबाईलवर एक व्हिडिओ फिरत होता. या लसीने पुढे मुलं होत नाहीत, आणि ती फक्त आपल्याच वस्तीत देतात, असं त्यात कुणीतरी मोठ्या आवेशाने सांगत होतं. पोलिओच्या वेळी उठलेली तीच जुनी अफवा, कपडे बदलून आलेली. ही लस "फक्त आपल्या वस्तीत" नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? साऱ्या शाळेची यादी माझ्याच हातात होती. त्यात कुलकर्णी होते, कांबळे होते, पाटील होते, मुल्ला आणि शेखही होते.

तरी माझा स्वतःचा मुलगा तेव्हा तिसरीत होता आणि त्याच्या पत्रकावर मी सही केली नाही. अम्मी म्हणाल्या, नको. मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर वाद न घालायला मला ते एक निमित्तच मिळालं, कारण शंका माझ्याही मनात होती. लसीच्या दिवशी मुलगा घरी राहिला. मी शाळेत टेबलाशी बसून दुसऱ्यांच्या मुलांची नावं लिहीत होते, रडणाऱ्यांना चॉकलेट देत होते.

रिक्षात अम्मी जरा वेळ बाहेर बघत राहिल्या. मग आमच्या दखनीत म्हणाल्या, त्याचा मराठीत अर्थ असा: "हजच्या वेळी त्या पोराचा तीनदा फोन आला. काय होईल, हात किती दुखेल, ताप आला तर काय, सगळं त्यानं सांगितलं. बरोबर चल म्हणाला. तेव्हा घरी विचारायला कोण आलं होतं? नुसता कागद आला होता."

मी काय बोलणार? तो कागद मीच घरी नेला होता.

2022 च्या डिसेंबरात आमच्या नात्यात मिरजेत लग्न होतं. त्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडीला, मालेगावला, भिवंडीला गोवराची साथ चालू होती. वर्तमानपत्रांत रोज येत होतं. लग्नाला भिवंडीचे पाहुणे आले होते. त्यांच्याकडून आलं की दुसरीकडून, हे सांगता येत नाही आणि मला त्यांना दोष द्यायचाही नाही. लग्नानंतर माझ्या मुलाला ताप आला, डोळे लाल, खोकला, आणि चौथ्या दिवशी कानामागून पुरळ उठून खाली उतरत गेलं. तो बारा वर्षांचा, अंगाने दणकट. आठवड्यात खेळायला लागला. त्याला लहानपणी गोवराचा एक डोस झाला होता, दुसरा राहिला होता. तोच दुसरा डोस 2018 साली शाळेत माझ्या टेबलापासून चार हातांवर होता.

त्याला पुरळ उठल्यावर अकरा दिवसांनी धाकट्या जावेच्या बाळाला ताप आला. बाळ अकरा महिन्यांचं.

गोवर किती झटकन पसरतो याची मला कल्पना नव्हती. पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून तो दुसऱ्याला लागू शकतो, म्हणजे आपल्याला साधं सर्दीपडसं वाटत असतं तेव्हाच. आणि गोवर म्हणजे नुसतं पुरळ नाही. लहानग्यांना न्यूमोनिया होतो, जुलाब होतात, डोळे जाऊ शकतात, मेंदूला सूज येऊ शकते. आमच्या बाळाला न्यूमोनिया झाला. आठ रात्री दवाखान्यात. बरगड्या आत ओढून श्वास घेणारं बाळ ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. दोन दिवस ओळीने 'अ' जीवनसत्त्वाचा डोस दिला, ऑक्सिजन लावला. जाऊ तस्बीह घेऊन कोपऱ्यात बसलेली. मी तिच्याशेजारी बसायचे, पण तिच्या डोळ्यांत बघायचं टाळायचे. अल्लाहच्या कृपेने बाळ घरी आलं. आता चार वर्षांचं होईल, आणि घरातली एकही वस्तू जागेवर ठेवत नाही.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, "गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर द्यायची असते. बाळ अकरा महिन्यांचं आहे. मग?" जावेने पिशवीतून माता-बाल संरक्षण कार्ड काढलं. रेशनकार्ड, आधार आणि ते कार्ड, तिन्ही एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत, आपल्याकडे असतात तशी. त्यावर जन्माच्या लसी होत्या, सहाव्या आठवड्याच्या होत्या, दहाव्या आठवड्याच्या होत्या. पुढे कोरं.

ते का कोरं राहिलं, हे मला त्या आठ रात्रींत उलगडलं. सातारा-सांगलीच्या कुठल्याही घरात ते होऊ शकतं. जावेचं माहेर साताऱ्याचं. माझंही तेच, हे स्थळ मीच सुचवलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. बाळ 2022 च्या जानेवारीत साताऱ्याला झालं. तिथल्या आशाताईने दहा आठवड्यांपर्यंत सगळं वेळेवर करून घेतलं. चौदाव्या आठवड्याची लस एप्रिलच्या शेवटाला येत होती. तेव्हा रमजान चालू होता. बाळाला ताप येईल, रात्रभर रडेल, सहरीला कोण उठणार, म्हणून घरच्यांनी ठरवलं, ईदनंतर घेऊ. ईद झाली मे महिन्यात, आणि लगेच आम्ही बाळ-बाळंतिणीला मिरजेला घेऊन आलो. साताऱ्याच्या आशाताईच्या यादीतून बाळ गेलं, कारण ते सासरी गेलं. मिरजेच्या आशाताईच्या यादीत ते आलंच नाही, कारण ते तिच्या भागात जन्मलं नव्हतं. दोन याद्यांच्या मधल्या फटीत बाळ पडलं. यात कुणी कामचुकारपणा केला नव्हता. कुणी लसीला नकारही दिला नव्हता. या खेपेला तर अफवाही नव्हती.

पण एक यादी अशी होती, ज्यात ते बाळ अगदी ठळक होतं. धाकटे दीर कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आहेत. त्यांच्या कारखान्याची कामगारांसाठी आरोग्य विम्याची पॉलिसी आहे. बाळ झालं तेव्हा त्याचं नाव पॉलिसीत घालायला जन्मदाखला दिला होता, जन्मतारखेसकट. दवाखान्याचं बिल 31 हजार झालं. ते विम्याने भरलं, एक प्रश्न न विचारता. भावजींच्या मोबाईलवर मेसेज आला की तुमचा क्लेम मंजूर झाला आहे. घरात सगळ्यांनी अल्हम्दुलिल्लाह म्हटलं, मीही म्हटलं. मग रात्री मला त्या मेसेजचा राग यायला लागला. 31 हजार भरायची वेळ आली तेव्हा ज्यांना आमचा नंबर बरोबर सापडला, त्यांना ऑक्टोबरात एक ओळ पाठवता आली नसती का, की तुमचं बाळ नऊ महिन्यांचं झालं, सरकारी केंद्रात गोवराची लस फुकट आहे, घेतली का? त्यांच्याकडे तारीख होती. लस त्यांना विकतही घ्यावी लागणार नव्हती.

हा राग पूर्ण न्याय्य आहे असं मी म्हणत नाही. 2018 ची सही माझी राहिली होती, विमा कंपनीची नाही. पण त्या रागामुळे मी विचार करायला लागले. आपण विमा किंवा योजना म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर दवाखान्यातली खाट येते. माणूस खाटेवर पडला की योजना जागी होते.

माझ्या अब्बांचंच बघा. ते एसटीतून निवृत्त झालेले, साताऱ्यात राहतात. दोन वर्षांपासून डायलिसिसवर आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस मोफत होतं, आणि त्यासाठी मी दुआ करते, यात शंका नको. ही योजना 2012 मध्ये वेगळ्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे, वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत. दवाखान्यात योजनेच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला आरोग्यमित्र म्हणतात. अब्बांना भेटलेला आरोग्यमित्र खरंच मित्रासारखा वागतो. पण अब्बांच्या किडन्या गेल्या त्या वाढलेल्या रक्तदाबाने, आणि तो रक्तदाब किती वर्षं वाढलेला होता कुणास ठाऊक, कारण त्यांनी तो कधी मोजलाच नव्हता. सरकारी आरोग्य केंद्र घरापासून पाच मिनिटांवर. तिथे मोजायला पैसे लागत नाहीत. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म आशाताई भरतात. रक्तदाब, साखर, तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची तपासणी, असं सगळं त्यात आहे. अब्बांचं उत्तर ठरलेलं: "मला काय झालंय?" त्यांना काही झाल्यावर भेटणारा मित्र मिळाला. काही होण्याआधी भेटणारा मिळाला नाही.

त्या योजनेच्या नावावरून एक गोष्ट नेहमी मनात येते. सावित्रीबाई फुले आमच्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. 10 मार्च 1897 ला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्या प्लेगनेच गेल्या. त्याच्या बरोबर दोन महिने आधी, 10 जानेवारीला, मुंबईत हाफकिन साहेबांनी प्लेगची लस पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली होती. आणि लोक ती घ्यायला तयार नव्हते, घाबरत होते, अगदी आपल्यासारखेच. तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे असलेल्या तिसऱ्या आगाखानांनी हाफकिनना प्रयोगशाळेसाठी आपली जागा दिली आणि आपल्या जमातीसमोर स्वतः लस टोचून घेतली. मग लोक पुढे आले. त्यांनी पत्रक वाटलं नाही, बाही वर केली. पोलिओच्या वेळीही उत्तर प्रदेशात हेच करावं लागलं. अलीगढ, जामिया मिल्लिया, जामिया हमदर्द या संस्था आणि गावोगावचे इमाम सोबत आले, मशिदींतून घोषणा झाल्या, आणि मग दारं उघडली. 13 जानेवारी 2011 नंतर भारतात पोलिओचा नैसर्गिक विषाणू सापडलेला नाही.

आमच्या मोहल्ल्यात दारं बंद व्हायला आणखी एक कारण घडलं होतं, तेही लिहायला हवं. मार्च 2020 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या इस्लामपुरात, सौदीहून परतलेल्या एका कुटुंबातल्या लोकांना कोरोना निघाला. आजारी माणसाची जी कीव यायला हवी, तिच्याऐवजी बोटं रोखली गेली, आणि ती साऱ्या समाजाकडे वळली. त्यानंतर ताप विचारायला येणाऱ्या आशाताईला लोक दारातूनच परत पाठवत. नाव लिहून घेणारा माणूस आपल्या भल्यासाठी लिहितोय, हा विश्वास एकदा गेला की मोफत लसही संशयाची होते. योजना आखणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं. लोक नेहमी लसीला नाही म्हणत नाहीत, कधी कधी वहीला नाही म्हणतात.

बाळ घरी आल्यावर चौथ्या दिवशी मिरजेची आशाताई आमच्याकडे आली. मला वाटलं बोलणार, रागावणार. ती खाली बसली, चहा घेतला आणि म्हणाली, "हे बाळ माझ्या वहीतच नव्हतं हो ताई. चूक माझीपण आहे, लग्न झालेल्या घरात मी विचारायला हवं होतं." मग तिने राहिलेल्या लसी कशा पूर्ण करायच्या ते सांगितलं. एखादा डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला तेवढाच घ्यायचा. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. जाऊ तर लाजेनेच केंद्रावर जात नव्हती, की उशीर झाला, आता ओरडतील. किती आया या लाजेपायी घरी बसल्या असतील!

या बाईच्या कामाचा हिशेबही सांगते. एका आशाताईकडे साधारण हजार लोकवस्ती. एका बाळाच्या पहिल्या वर्षाच्या सगळ्या लसी पूर्ण करून घेतल्या की तिला 100 रुपये मिळतात. 100 रुपयांत किती फेऱ्या, किती समजावणी, ते तिलाच ठाऊक. आमच्या बाळाच्या 31 हजारांत अशी किती बाळं झाली असती, हा हिशेब मी तिसरीच्या वर्गाला घालते तसा स्वतःला घातला. तीनशे दहा.

पुढे तिने आणि आम्ही चार बायकांनी मिळून थोडं काही बदललं. लसीचा दिवस मोहल्ल्यातल्या मदरशाच्या खोलीत, जोहरच्या नमाजनंतर. त्या वेळी मुलं शाळेत, पुरुष कामावर, बायका जरा मोकळ्या. बायकांच्या तपासणीला बाईच असेल आणि पडदा असेल, हे आधी सांगायचं. इमाम साहेबांनी जुम्म्याला दोन वाक्यं बोलायची. त्यांनी स्वतःहून आणखी एक जोडलं, उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवायचा, ती आपल्याला सगळ्यांना पाठ असलेली हदीस. त्यांनी आपली नातही आणली, ते जास्त उपयोगी पडलं. रमजानात बाळाची लस पुढे ढकलायची नाही, बाळाला कुठे रोजा आहे? आणि मोठ्यांचं म्हणाल तर इंजेक्शनने रोजा तुटत नाही, हे 2021 च्या रमजानात कोरोनाच्या लसीवेळी अनेक उलेमांनी सांगितलं होतं. लस झाल्यावर ताईने रात्री एक फोन करायचा: ताप आहे का, औषध किती दिलं. सगळ्यांत जास्त फरक कशाने पडला असं मला विचाराल तर त्या रात्रीच्या फोनने. ताप आलेल्या बाळाची आई दुसऱ्या डोसला येत नाही. ताप येणार हे जिला आधी सांगितलं आणि आल्यावर जिची विचारपूस झाली, ती येते.

यातलं काहीच मोठ्या योजनेला अशक्य नाही. अमेरिकेत विमा कंपन्यांची दरवर्षी एक गुणपत्रिका निघते. तिच्यात त्यांच्याकडच्या किती मुलांच्या लसी दुसऱ्या वाढदिवसापर्यंत पूर्ण झाल्या, हा आकडा असतो. आणि 2010 च्या कायद्याने शिफारस केलेल्या लसींसाठी विमाधारकाकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणून तिथे कंपनीलाच घाई असते, फोन तीच करते. तरीही 2025 मध्ये टेक्सासमध्ये गोवराची मोठी साथ आली, कारण काही वस्त्यांत लोकांचा विश्वासच नव्हता. म्हणजे गुणपत्रिका पुरत नाही. पण आपल्याकडे ती गुणपत्रिकाही नाही. आपल्या विमा कंपनीला कुणी विचारत नाही की तुमच्या पॉलिसीतल्या किती बाळांना गोवराची लस मिळाली. किती क्लेम भरले, एवढंच विचारतात. बऱ्याच पॉलिसींत वर्षाला एक मोफत तपासणी असते. आमच्या ह्यांच्या पॉलिसीतही आहे, पान सतरावर, बारीक अक्षरांत. ती आहे हे आम्हाला सहा वर्षांनी कळलं, तेही मी हे सगळं उकरायला बसले म्हणून. आयकरातही अशा तपासणीसाठी 5 हजारांपर्यंत सवलत आहे. कागदावर सगळं आहे. पुन्हा कागदच.

आणि फोन आला तरी कुणाला येतो? घरातल्या प्रत्येक नोंदीत नंबर असतो पुरुषाचा. सरकारचं यू-विन पोर्टल आता आलं आहे. बाळ साताऱ्यात नोंदवलं तरी मिरजेत दिसेल, कुठेही लस घेता येईल, पुढच्या तारखेचा मेसेज येईल. आमच्या बाळासारख्या फटीत पडणाऱ्या मुलांसाठी ही मोठी सोय आहे. पण मेसेज जर कुपवाडच्या कारखान्यात मशीनवर उभ्या असलेल्या बापाच्या मोबाईलवर आला आणि रात्री तो झोपण्याआधी वाचायचा राहिला, तर तारीख गेली. बाळ ज्या हातात असतं त्या हातातल्या मोबाईलचा नंबर लिहा, एवढं मी आता प्रत्येक आईला सांगते. आणि जिच्याकडे मोबाईल नाही तिच्यासाठी माणूस पाठवा.

मी कारखान्याच्या कार्यालयाला एक पत्र लिहिलं होतं, भावजींच्या सहीने: पॉलिसीतल्या मुलांच्या जन्मतारखा तुमच्याकडे आहेतच, नवव्या आणि सोळाव्या महिन्याला आईला एक फोन करा. उत्तर आलं की सूचना विमा कंपनीकडे पाठवली आहे. तिकडून अजून काही नाही. माझ्या मुलाने राहिलेल्या लसींची नोंद स्वतःच्या वहीत केली आहे. दहा वर्षांची टीडी राहिली होती तीही आम्ही घेतली. त्याला मी 2018 च्या पत्रकाचं सांगितलं. थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग बाळाला माझ्यामुळे झालं?" मी म्हटलं, तुझ्यामुळे नाही. पुढचं वाक्य मला बोलता आलं नाही, पण त्याला कळलं असावं.

जावेला आता पुन्हा दिवस गेले आहेत. बाळंतपण नोव्हेंबरच्या अखेरीस. सतवासा झाला, आणि पुढच्या आठवड्यात ती साताऱ्याला जाईल. माहेरी जायचंच, त्यावर चर्चा नाही. या वेळी निघण्याआधी मिरजेच्या आशाताईने साताऱ्याच्या आशाताईला फोन लावला. दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या, अर्धा तास बोलल्या, निम्मं मानधन थकल्याबद्दल. दोघींचे नंबर कार्डाच्या पहिल्या पानावर लिहिले आहेत, आणि खाली जावेचा स्वतःचा.

परवा रात्री अम्मींनी भिंतीवरचं कॅलेंडर काढायला लावलं. बोटांच्या पेरांवर मोजत बसल्या: सहावा आठवडा, दहावा, चौदावा. मग चष्मा वर करून म्हणाल्या, "चौदावा पुन्हा रमजानातच येतो."

जाऊ म्हणाली, "अम्मी, रोजे सांभाळून करू काहीतरी."

"काहीतरी नको," अम्मी म्हणाल्या. "मी साताऱ्याला येते त्या दिवशी. सहरी करून पहिली एसटी पकडीन."